धान निघालं की गावाला जा

मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात मूळ गाव आणि घर मात्र नागपूर, पुणे, मुंबई किंवा थेट परदेशात, अशी कुटुंबं मुलांना गाव दाखवायला बहुधा मे महिन्यात नेतात. शाळेला सुटी असते, एवढंच त्याचं कारण. गावाच्या बाजूनं पाहिलं तर याहून वाईट महिना नाही. वैनगंगेचं पात्र आटलेलं, धानाच्या बांध्या भेगाळलेल्या, पारा पंचेचाळिशीकडे झुकलेला आणि बरीच माणसं पहाटेच तेंदूपत्त्याला जंगलात गेलेली. दुपारी काका-काकू दार लोटून पडतात आणि मुलं कूलरसमोर मोबाइल घेऊन बसतात. ‘इथे काहीच नसतं’ असा ग्रह करून ती परततात आणि मोठी झाली तरी तो जात नाही.

तेव्हा पहिलं काम म्हणजे शाळेचं वेळापत्रक बाजूला ठेवून धानाचा हिशेब मांडणं. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणा होतो. हलकं धान दिवाळीच्या आसपास निघतं, भारी धान नोव्हेंबर-डिसेंबरात. ज्या चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये बालाघाटच्या नावानं भौगोलिक मानांकन मिळालं, तोही याच सुमारास खळ्यावर येतो. मळणी उरकली की बैल मोकळे, माणसं मोकळी आणि हातात चार पैसे. गावाचे सगळे खेळ, जत्रा, नाटकं याच मोकळ्या दिवसांत बसवलेली आहेत. भाऊबीजेपासून महाशिवरात्रीपर्यंत कधीही जा. त्यातही दोन मुहूर्त चांगले: दिवाळीच्या सुटीची शेवटची बाजू, तेव्हा मंडया भरतात, आणि नाताळनंतरचे आठवडे, तेव्हा बैलांचे पट लागतात.

घरात लहान मुलं असतील तर मंडई निवडा. भंडारा, गोंदिया आणि बालाघाटच्या दक्षिणेकडच्या तालुक्यांत, म्हणजे लांजी, किरनापूर, वारासिवनी, खैरलांजी, कटंगी या पट्ट्यात, भाऊबीजेनंतर गावोगाव मंडई भरते. शेजारच्या गावांच्या तारखा शक्यतो एकमेकींवर येत नाहीत, कारण पाहुण्यांना सगळीकडे जायचं असतं. गोवारी मंडळी ढाली घेऊन नाचत येतात, दिवसा दंडार किंवा खडी गंमत अशी लोकनाट्यं उभी राहतात, रात्री नाटक लागतं आणि ते पहाटेपर्यंत चालतं. जिलेबी, फुगे, बांगड्या, आकाशपाळणा हे सगळं आहेच. पण मंडईचं खरं काम नातेवाइकांना एका जागी आणण्याचं. लग्नाच्या गोष्टी इथेच निघतात. तुम्हाला वर्षभर फोन करूनही जे भेटले नसते ते आतेभाऊ, मावससासरे, आजीच्या माहेरची माणसं एका दुपारी भेटतात. त्या दिवशी जेवण एकाच घरी होणार नाही, हे पोटाला आधीच सांगून ठेवा. नाही म्हणणं चालत नाही. थोडं थोडं घेणं चालतं. लाखोळीच्या डाळीची आणि पोपटाच्या शेंगांची ओळख मुलांना याच पंगतींत होऊ द्या.

मुलं दहा-बारा वर्षांच्या पुढची असतील तर पटाची वेळ धरा. पट किंवा शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. पश्चिम महाराष्ट्रातली बैलगाडा शर्यत पाहून आलेल्यांनी ती कल्पना थोडी बाजूला ठेवावी. इथे हलक्या छकड्याला दोन बैल जुंपतात, वर एकच हाकणारा, आणि सरळ आखलेल्या पट्टीवर शेजारी-शेजारी दोन जोड्या सुटतात. सगळा खेळ काही सेकंदांचा. त्यामुळे नवखा माणूस तास-दोन तास उभा राहतो आणि ‘फक्त धूळ दिसली’ म्हणून परततो. पाहायचं कसं ते मुलांना आधी सांगा. शेवटच्या रेषेपेक्षा सुरुवात पाहण्यासारखी असते. जोडी उभी करणं, दोन्ही बैलांची तोंडं सरळ ठेवणं, एकानं आधी उसळी घेतली तर दुसऱ्याला सांभाळून घेणं, यातच निकाल बराचसा ठरलेला असतो. अनुभवी प्रेक्षक म्हणूनच सुटण्याच्या टोकाला गर्दी करतात. शक्य असेल तर सकाळी लवकर जाऊन जोड्या बांधल्या आहेत तिथे फिरा. बैलाचा मालक विचारलं की बोलतो. त्याला बैलाचं नाव विचारा, वय विचारा, खुराक विचारा. मुलांना हे पुढच्या चार तासांपेक्षा जास्त आठवतं.

त्या जोड्यांत पांढरा-राखी, सडपातळ, उंच पायांचा बैल दिसला तर तो बहुधा गवळाऊ. वर्ध्यापासून छिंदवाडा, सिवनी, बालाघाटपर्यंत या जातीचा मूळ मुलूख. मराठा फौजांचं सामान डोंगरवाटांनी वेगानं न्यायला हे बैल जोपासले गेले असं पशुपैदाशीची पुस्तकं सांगतात. किल्ले आणि लढाया पाठ असलेल्या मुलाला इतिहासाचा हा चालता-फिरता तुकडा दाखवला की त्याचे प्रश्न सुरू होतात, आणि गावाच्या सहलीत याहून चांगलं काही घडत नाही.

उभं कुठे राहायचं याबद्दल मात्र हलगर्जी नको. पट्टीच्या शेवटच्या टोकाला, जिथे जोड्या थांबवतात, तिथे मुलांना घेऊन कधीच उभं राहू नये. बैल रेषेवर थांबत नाहीत. पुढे कुठवर जातील ते हाकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. बांबूच्या कठड्यामागे, शक्यतो थोड्या उंच बांधावर जागा धरा. बांबूवर बसलेली पोरं पाहून आपल्या पोराला तिथे चढवू नका. ती पोरं बैल उधळला की कुठे उडी मारायची हे जाणतात.

कायद्याचीही माहिती हवी, कारण हा प्रदेश सीमेवरचा आहे. सर्वोच्च न्यायालयानं ७ मे २०१४ रोजी बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. महाराष्ट्रानं २०१७ मध्ये केंद्रीय कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली, डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयानं सशर्त मोकळीक दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठानं तमिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्र या तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. महाराष्ट्रात त्यामुळे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, पशुवैद्यकाची तपासणी, काठी-चाबकाला मनाई आणि एक हजार मीटरपर्यंतच धाव, अशा अटींवर पट भरतो. पण ती दुरुस्ती महाराष्ट्रापुरती आहे. बाघ नदी ओलांडून मध्य प्रदेशात राजेगावकडे गेलात की ती मागे राहते. म्हणून बालाघाटच्या बाजूला पट आहे असं कळलं तर प्रशासनाची परवानगी आहे का, हे आधी विचारा. तिथे खात्री नसेल तर गोंदिया किंवा भंडारा जिल्ह्यातला परवानगीचा पट पाहा. आमगाव, गोरेगाव, तिरोडा इकडे तुमची कुणीतरी आत्या दिलेली असणारच. या भागातली सोयरीक राज्याची सीमा मानत नाही.

आणि मुलगी विचारेल, ‘बैलांना मारतात का?’ उत्तर गोड करून देऊ नका. काही ठिकाणी शेपटी पिरगाळतात, तुतारी, म्हणजे टोकदार खिळ्याची काठी, टोचतात. नियमानं ते बंद आहे, पण प्रत्येक ठिकाणी नियम पाळला जातोच असं नाही. आपल्या डोळ्यांसमोर असं दिसलं तर परंपरेच्या नावाखाली तिथे थांबून राहू नका. निघून या. जुगार आणि मोहाची दारूही पटाच्या कडेला असते; संध्याकाळ उतरायच्या आत कुटुंबासह परतावं.

मुलांनी केवळ पाहत बसू नये असं वाटत असेल तर कबड्डी आहे. याच दिवसांत मातीच्या मैदानावर, रात्री दिव्यांच्या उजेडात स्पर्धा होतात. मात्र शहरातल्या आपल्या चिरंजीवाला गावच्या संघात घ्या असा आग्रह धरू नका. सकाळी रिकाम्या खळ्यावर चुलतभावंडांबरोबर विटी-दांडू, लगोरी, आट्यापाट्या खेळू दे. कुणी बांबूची गेडी करून दिली तर त्यावर चालायचा प्रयत्न करू दे. गेडीचा खरा हंगाम श्रावण-पोळ्याचा, पण बांबू बाराही महिने मिळतो. पडला तर माती मऊ असते.

आता तारखांचा प्रश्न. परदेशात वाढलेल्या मुलांना ही सहल आणि तिच्या अनिश्चित तारखा समजावून सांगताना एक जवळचं उदाहरण देता येतं. जेम्स फॉर्साइथ या ब्रिटिश अधिकाऱ्याचं सातपुड्यावरचं पुस्तक १८७१ मध्ये निघालं आणि त्यानं या डोंगरांना ‘मध्य भारताची हायलँड्स’ म्हटलं. खरी हायलँड्स स्कॉटलंडची. तिथले वंशज कॅनडा-ऑस्ट्रेलियातून पोराबाळांसह पूर्वजांच्या गावी येतात आणि जोडीला लाकडी ओंडका फेकण्याचे, गोळा फेकण्याचे, रस्सीखेचीचे पारंपरिक खेळ पाहून जातात. ब्रेमार गावचा मेळा तर ठरलेला: सप्टेंबरचा पहिला शनिवार. राणी व्हिक्टोरिया १८४८ मध्ये तिथे गेली तेव्हापासून राजघराण्याची हजेरीही ठरलेली. त्यांना बरंच आधी तिकीट काढता येतं. आपल्याकडे पटाची तारीख ठरते ती धान कधी निघालं, परवानगी कधी मिळाली आणि शेजारच्या गावानं कोणता दिवस धरला यावर. छापील पत्रक निघतं तेही जेमतेम आठ-पंधरा दिवस आधी, आणि हल्ली ते व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं. म्हणून दसऱ्यानंतर गावातल्या एखाद्या तरुण चुलतभावाला फोन करायला लागा. वडीलधाऱ्यांना विचारलंत तर ‘या ना केव्हाही’ असं प्रेमाचं पण निरुपयोगी उत्तर मिळेल. पत्रक पाठव, असं तरुणालाच सांगा.

पोचणं सोपं आहे. मुंबईहून विदर्भ एक्स्प्रेस आणि कोल्हापूर-पुण्याकडून महाराष्ट्र एक्स्प्रेस, दोन्हींचं शेवटचं स्थानक गोंदिया. तिथून बालाघाट साधारण चाळीस किलोमीटर. सातपुड्यातली अरुंद रुळांची जुनी गाडी आजोबांच्या गप्पांत अजून धावते, प्रत्यक्षात तो मार्ग आता रुंद झाला आहे. नागपूरहून मोटारीनं निघालात तर रामटेक-तुमसर-कटंगी असा रस्ता धरा. भाड्याची गाडी महाराष्ट्राच्या परवान्याची असेल तर मध्य प्रदेशाचा कर भरला आहे का हे चालकाला निघण्याआधी विचारा. ऐनवेळी तो भरत बसण्यात वेळ जातो. रात्री थंडी चांगलीच असते. पुण्याच्या सवयीनं एकच स्वेटर घेऊन जाऊ नका, रात्रीच्या नाटकाला तर घोंगडीही लागेल.

वाटेत मुलं विचारतील, आपण मराठी आणि गाव मध्य प्रदेशात कसं? ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरच होती, एवढं सांगितलं की निम्मं उत्तर होतं. इंग्रजांच्या आधी हा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा. आजोबा बालाघाटहून नागपूरला शिकायला आले तेव्हा ते दुसऱ्या राज्यात आले नव्हते, आपल्याच राजधानीत आले होते. पुढच्या पिढीत पाट्या हिंदी झाल्या, शाळा हिंदी झाली; घरात पोवारी, मराठी, हिंदी अशी सरमिसळ राहिली. काकांची मराठी मुलांना वेगळी वाटेल. ती सुधारायला जाऊ नये, आणि आपली हिंदी कशी वाटते तेही काकांना विचारू नये.

एवढ्या तयारीनंतरही ज्यावरून सहल बिघडते ती गोष्ट वेगळीच असते: जमीन. वीस वर्षांनी भाऊ बायकामुलांसह येतो, शेत पाहायचं म्हणतो, आजोबांच्या वेळचे कागद आहेत का विचारतो. तुमच्या मनात वंशवृक्ष असतो, समोरच्याच्या मनात हिस्सा. यात समोरच्याचा दोष नाही. वर्षानुवर्षं बांध त्यानं राखलाय, पटवाऱ्याकडे खेटे त्यानं घातलेत आणि शहरातून आलेल्या भावांनी अचानक वाटणी मागितल्याचे किस्से प्रत्येक गावात आहेत. म्हणून पहिल्याच जेवणाला, घरातल्या सगळ्यांच्या देखत, आपण कशासाठी आलो ते सांगून टाका. हिस्सा सोडायचा असेल तर तसं स्पष्ट बोला. सोडायचा नसेल तर तो विषय या सहलीत काढणार नाही, असं तरी म्हणा आणि शब्द पाळा. खसरा आणि बी-१ची नक्कल मध्य प्रदेशच्या भूलेख संकेतस्थळावर घरबसल्या दिसते. काकांच्या ओसरीवर बसून मोबाइलवर ती उघडण्याइतकी वाईट कल्पना दुसरी नाही.

घराण्याचा माग काढायचाच असेल तर जमिनीला हात न लावता बरंच सापडतं. गावच्या जुन्या शाळेचं दाखल-खारिज रजिस्टर हा सगळ्यांत निरुपद्रवी कागद. मुख्याध्यापकांना आदल्या दिवशी भेटून विनंती केली तर आजोबांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, जन्मतारीख आणि शाळा सोडल्याची तारीख असलेली ओळ पाहायला मिळू शकते. मुलांना त्या ओळीवर बोट ठेवू द्या. जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी कोटवारांच्या पंजीत होत. इंग्रजी अमदानीतला मिसल बंदोबस्त जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात असतो. त्यात गाव कुणाच्या मालगुजारीत होतं, शेतकरी कोण, हे सगळं आहे. मालगुजारी १९५१ मध्ये गेली, आणि त्यानंतर ‘आम्ही मालगुजार होतो’ हे वाक्य बरंच फुगलेलं असतं, तेही तिथे तपासून पाहता येतं. मात्र मिसलीच्या नकलेसाठी अर्ज, फी आणि थांबणं आलं. सहलीच्या दिवसांत ते उरकणार नाही. अर्ज करायला एखाद्या विश्वासू माणसाला सांगून या.

या सगळ्या कागदांत बायका जवळजवळ नाहीत. आजीचं नाव, तिचं माहेर, तिच्या आईचं गाव हे फक्त म्हाताऱ्या बायकांच्या तोंडी आहे. मंडईच्या दुपारी पुरुष मंडळी बाहेर गेली की आत चुलीपाशी बसा आणि विचारा. फोनवर ध्वनिमुद्रण करायचं तर आधी सांगून करा. माझ्या मते सहलीतला एकच तास राखून ठेवता येणार असेल तर तो याला द्यावा, पटाला नव्हे.

पोवार कुटुंबांसाठी आणखी एक गोष्ट. त्यांच्या परंपरेत मूळ घर बालाघाटही नाही, ते माळव्यातलं धार, राजा भोजाचं. तिथून नगरधन आणि नगरधनहून वैनगंगेचं खोरं, अशी वाट सांगितली जाते. भोसल्यांच्या कटकच्या स्वारीत साथ दिली म्हणून वैनगंगेकाठी जमिनी मिळाल्या, असं इंग्रजी काळातले अहवालही नोंदवतात. छत्तीस कुरांपैकी, म्हणजे कुळांपैकी, आपलं कुर कोणतं, पटले की बिसेन, तुरकर की रहांगडाले, हे ठाऊक असलेल्या मुलांना धारचं आकर्षण वाटेलच. पण धार आणि बालाघाट एकाच सहलीत बसवू नका. राज्याची दोन टोकं आहेत ती. त्याऐवजी जाता-येता रामटेकजवळ नगरधनचा किल्ला पाहा, तो वाटेवरच आहे. कुणबी, लोधी, मरार, कोष्टी, गोंड कुटुंबांच्या वाटा निराळ्या, त्यांच्या देवस्थानांच्या खुणाही निराळ्या. घरच्या पूजेत कोणता देव आहे तिथून शोध सुरू करावा.

पाहण्यासारखं दोन दिवसांपुरतं जवळच आहे. लांजीचा किल्ला आणि कोटेश्वराचं देऊळ, हट्ट्याची बावडी, चंदन नदीकाठचं रामपायलीचं राममंदिर. वारासिवनीच्या बाजूला हातमाग अजून चालतात, साडी विणताना पाहता येते. कान्हाचं मुक्की द्वार याच जिल्ह्यात आहे, पण जंगल सफारीचं आरक्षण फार आधी करावं लागतं आणि तो दिवस नातेवाइकांच्या हिशेबात धरू नये. बैहरकडच्या घाटरस्त्यानं अंधार पडल्यावर जाणं टाळावं.

भेटवस्तूंवर उगाच खर्च नको. ज्येष्ठ बायकांना लुगडं किंवा साडी, लहानांच्या हातावर थोडे पैसे, एवढं पुरतं. खर्च करायचाच असेल तर पटाच्या किंवा कबड्डीच्या समितीला आजोबांच्या नावानं एक बक्षीस द्या. ही रीत इथे जुनी आहे. रोख रकमेपासून मोटारसायकलीपर्यंत बक्षिसं लागतात आणि देणाऱ्याचं नाव पत्रकावर छापून ध्वनिक्षेपकावर पुकारतात. पहिलं बक्षीस देऊ नका. ते गावातल्या एखाद्या वजनदार माणसानं धरलेलं असतं आणि त्यात पडलात तर राजकारणात पडलात. तिसरं द्या, किंवा कबड्डीतल्या उत्तम पकडीसाठी द्या. पत्रक छापायला जाण्याआधी नाव कळवा आणि आजोबांचं पूर्ण नाव, गावासह, स्वतः लिहून पाठवा. तोंडी सांगितलेलं नाव चुकीचं छापलं जातं आणि मग दोन-चार दिवस घरात तीच चर्चा चालते.

परतीचं तिकीट मात्र पटाच्या दुसऱ्या दिवशीचं काढू नका. जोड्या जास्त आल्या की शेवटच्या फेऱ्या एक दिवस पुढे जातात, आणि बक्षीस वाटायला ज्याचं नाव पुकारतात तो तोवर गोंदियाच्या फलाटावर उभा असतो.